संध्याकाळी सातचा अंधार

पोलिसांनी गाडी अडवली ती चूक पाहून की रंग पाहून? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चालकांचा हा जुना प्रश्न. पोलिसांचं उत्तरही तितकंच जुनं: नियम मोडला म्हणून अडवलं. एका प्रसंगात कोण खरं, हे ठरवणं फार अवघड, कारण पोलिसाच्या मनात काय होतं ते कागदावर उतरत नाही. पण असे लाखो प्रसंग एकत्र मांडले तर?

तिथेही गणित अडतं ते छेदापाशी. समजा, शहरात २० टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत आणि अडवलेल्यांत त्यांचं प्रमाण ३० टक्के आहे. हा पक्षपात झाला का? लगेच सांगता येत नाही. शहरात राहणारे आणि त्या वेळी त्या रस्त्यावर गाडी चालवणारे, हे दोन वेगळे समूह. दुसऱ्या समूहाची शिरगणती कोणी केलेली नसते.

२००६ मध्ये जेफ्री ग्रॉगर आणि ग्रेग रिजवे या संशोधकांनी यावर जो मार्ग मांडला, तो मला विलक्षण सुंदर वाटतो. त्यांनी छेद शोधलाच नाही, सूर्याला कामाला लावलं. मुंबईत सूर्यास्त वर्षभरात जेमतेम सव्वा तास मागेपुढे होतो. न्यूयॉर्कमध्ये तो डिसेंबरात साडेचारला, तर जूनमध्ये साडेआठला होतो. म्हणजे संध्याकाळी सात वाजता रस्ता तोच, कामावरून घरी परतणारी माणसं साधारण तीच, पण कधी लख्ख उजेड, कधी काळोख. काळोखात गाडी थांबण्याआधी चालकाचा रंग दिसणं कठीण. मग अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण उजेडात जास्त आणि अंधारात कमी निघालं, तर रंग दिसण्याचा अडवण्याशी संबंध आहे असं म्हणायला आधार मिळतो.

त्यांनी ही कसोटी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या नोंदींना लावली, तेव्हा गाड्या अडवण्यात पक्षपाताचा फारसा पुरावा सापडला नाही. याच कारणाने मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो: ती आरोप आधीच खरा धरून चालत नाही. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने देशभरातल्या सुमारे १० कोटी नोंदी गोळा केल्या आणि हीच कसोटी वापरून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. अंधार पडल्यावर अडवलेल्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण खरोखरच घटत होतं. रस्त्यावरचे दिवे आणि गाडीचं मॉडेल या कसोटीत थोडी गडबड करतात: दिव्यांच्या उजेडात रात्रीही रंग दिसू शकतो आणि मॉडेलवरून चालक कोण असेल याचा अंदाज बांधला जाऊ शकतो. त्यामुळे पक्षपात असूनही तो पूर्ण दिसत नाही, असंही होऊ शकतं.

गाडी अडवल्यानंतर झडतीचा प्रश्न येतो. तिथे पाहायचं ते हे, की कितपत संशय आला म्हणजे पोलीस डिकी उघडायला लावतात. याच अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक, लॅटिन अमेरिकी घराण्यांतल्या) चालकांची झडती गोऱ्यांपेक्षा कमी संशयावर घेतली जात होती. ज्याच्या गाडीत काहीच सापडत नाही, तोही तेवढा वेळ रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा झेलत उभा असतो.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत २०१२ च्या मतदानानंतर गांजा कायदेशीर झाला आणि झडतीचं एक मोठं निमित्त गेलं. सगळ्याच चालकांच्या झडत्या बऱ्याच घटल्या. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांची झडती मात्र त्यानंतरही गोऱ्यांपेक्षा जास्तच होत राहिली.