पैसा वाईट, असं इस्लाम म्हणतो का?

खेड-दापोलीकडे कुणी आखातातून येऊन दुमजली घर बांधलं, की मशिदीबाहेर कुणीतरी पुटपुटतंच, "दीन (धर्म) सोडून दुनियेच्या मागे लागला." गरिबी म्हणजेच परहेजगारी (धर्मनिष्ठा), हा समज जुना आहे, पण चुकीचा.

कुरआनच्या 28व्या सूरेत (अध्यायात), धनाढ्य कारूनच्याच गोष्टीत, सांगितलंय: आखिरतची (मरणानंतरच्या जीवनाची) कमाई कर, पण दुनियेतला आपला वाटा विसरू नकोस. प्रेषितांचे सहाबी (सोबती) अब्दुर्रहमान बिन औफ मोठे व्यापारी होते. आणि सगळेच फकीर झाले तर 2.5 टक्के जकात (धर्माने सांगितलेलं अनिवार्य दान) द्यायची कुणी?

आक्षेप आहे तो हव्यासावर. 102वी सूरा, तकासुर, नेमकं हेच बजावते: जास्तीत जास्त मिळवायच्या चढाओढीत माणूस कबरीपर्यंत पोचतो. हदीसही (प्रेषितांचं वचन) आहे की श्रीमंती सामानसुमानाची नसते, मनाची असते. तेव्हा विचारायचंच तर मजले किती हे विचारू नका. शेजाऱ्याला दाखवायला कर्ज काढलंय का, ते विचारा. अकरा महिने कुलूप, अंगणात फणस कुजतायत, आणि घरधनी तिकडे दुबईत एका खोलीत सहाजणांबरोबर!