बाँडेड खोलीतला संगणक

सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क, म्हणजे सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्यांसाठीच्या एसटीपी योजनेत नोंदलेल्या कंपनीच्या प्रशासन विभागात 2016 पूर्वी ज्यांनी काम केलं, त्यांना दोन शब्द चांगलेच आठवत असतील : बाँडिंग, म्हणजे शुल्क न भरता आणलेलं यंत्र कस्टम्सच्या नोंदीतल्या हद्दीत ठेवणं, आणि डीबाँडिंग, म्हणजे ते त्या हद्दीबाहेर काढणं. परदेशातून आणलेला सर्व्हर, कॉल सेंटरसाठी मागवलेला ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातलं टेलिफोन एक्स्चेंज, यूपीएस, हे सगळं कंपनीने पैसे मोजून घेतलेलं. पण कस्टम्सच्या लेखी तो गोदामातला माल. ज्या खोलीत मुलं रात्रपाळीत अमेरिकेतल्या ग्राहकांशी बोलत, ती खोलीही कागदोपत्री गोदामच. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातलं कलम 58 खासगी गोदामाच्या परवान्याचं आणि कलम 65 गोदामातल्या मालावर तिथेच प्रक्रिया करण्याचं. हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कॉल सेंटर असणं शक्यच नव्हतं.

या सवलतीला आपण सर्रास ‘शुल्कमाफी’ म्हणतो. खरं तर ती उधारी होती. यंत्र ठरलेल्या हद्दीत आहे आणि त्याच्यावरच्या कामातून डॉलर येत आहेत, तोवर सरकार शुल्क मागणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र हद्दीबाहेर काढलं की हिशेब सुरू.

या उधारीचं मूळ सत्तरच्या दशकात आहे. परकीय चलनाचा खडखडाट, संगणकावर शंभर टक्क्यांहून जास्त आयात शुल्क आणि त्यावर परवाना. अशा काळात सरकारने 1972 च्या सुमारास एक फट उघडली : सॉफ्टवेअर निर्यात करून ठरावीक मुदतीत परकीय चलन मिळवून द्याल, तर संगणक आणू देऊ. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने या वाटेने अमेरिकेच्या बरोज कंपनीचा संगणक आणला आणि 1974 पासून बरोजसाठीच काम करून निर्यात सुरू केली. यंत्र ज्याचं, ग्राहकही तोच!

पण परवानगी मिळाली तरी यंत्रावर लक्ष कोण ठेवणार? कस्टम्सला कुंपण लागतं. कांडल्याला 1965 पासून मुक्त व्यापार क्षेत्र होतं. 1973 मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं, ते मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. भिंत, फाटक, फाटकावर कस्टम्स, आणि आत भारतात असूनही शुल्काच्या दृष्टीने भारताबाहेर. टाटा बरोज ही कंपनी इथलीच. मराठी मुलखातल्या संगणक सेवांच्या निर्यातीचा इतिहास लिहायचा तर सुरुवात हिंजवडीपासून नव्हे, मरोळच्या या फाटकापासून करावी लागेल.

भिंतीची अडचण उघड होती. प्रत्येक उद्योगाने अंधेरीत यायचं कसं? 1980 च्या डिसेंबरअखेर ‘ईओयू’, म्हणजे शंभर टक्के निर्यातप्रधान उद्योगाची योजना आली. कारखाना कुठेही असो, त्याच्याभोवती कागदाची भिंत बांधायची. ही कल्पना कापड आणि यंत्रभागांसाठी होती, पण पुढे सर्वांत जास्त फळली ती सॉफ्टवेअरला.

मधल्या काळात शुल्कही खाली येत होतं. नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने हार्डवेअरवरचं शुल्क 135 वरून 60 टक्क्यांवर आणलं. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी कंपनी बेंगळुरूला आली, उपग्रहाच्या दुव्यासकट. 1986 च्या डिसेंबरात सॉफ्टवेअरचं स्वतंत्र धोरण जाहीर झालं. तरीही साठ टक्के शुल्क आणि दिल्लीच्या वाऱ्या होत्याच. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे नारायण मूर्ती एक संगणक आणण्यासाठी केलेल्या त्या वाऱ्यांची गोष्ट पुढे अनेक भाषणांत सांगत राहिले.

एसटीपी योजनेला आर्थिक उदारीकरणाचं अपत्य म्हणण्याची पद्धत आहे. तारखा मात्र वेगळं सांगतात. बेंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर इथे आधी तीन वेगळ्या संस्था स्थापन झाल्या होत्या. त्या एकत्र करून एसटीपीआय, म्हणजे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची नोंदणी झाली ती 5 जून 1991 रोजी. नरसिंह राव यांचा शपथविधी 21 जूनचा आणि मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प जुलैचा. हे बाळ उदारीकरणाच्या आधी जन्मलं, फक्त वाढलं त्या अंगणात.

एसटीपीआयचं वेगळेपण असं की एकाच दारात यंत्रांच्या यादीची मंजुरी, निर्यातीचं प्रमाणपत्र आणि उपग्रह जोडणी मिळू लागली. पुण्यात तीन खोल्यांच्या जागेत सुरू झालेल्या कंपनीलाही आता शुल्काविना सर्व्हर आणता येत होता. अट जुनीच : पाच वर्षांच्या टप्प्यात जितकं परकीय चलन खर्च केलं, त्याहून जास्त कमावून दाखवायचं. 26 सप्टेंबर 2000 च्या अधिसूचनेने कॉल सेंटर, मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, विमा दाव्यांची छाननी, पगारपत्रकं अशी कामंही आयकराच्या सवलतीसाठी सॉफ्टवेअरच्या पंक्तीत आणून बसवली, आणि बीपीओंची रांग लागली.

डीबाँडिंगचं गणित वाचण्यासारखं आहे. संगणकाची किंमत पहिल्या वर्षी दर तिमाहीला 10 टक्के, दुसऱ्या वर्षी 8, तिसऱ्या वर्षी 5 आणि पुढची दोन वर्षं 1 टक्का उतरवायची. बेरीज करा, पाच वर्षांत बरोबर शंभर होते. हद्दीबाहेर काढताना उरलेल्या किमतीवरच शुल्क भरायचं, त्यामुळे कंपन्या जुने संगणक बाहेर काढायची घाई करत नसत. आयातीनंतर दोन वर्षांनी मान्यताप्राप्त, नफा न कमावणाऱ्या शाळा-महाविद्यालयांना ते शुल्काविना दान करण्याचीही सोय होती.

मग या भिंतीचा पायाच हलला. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत 1997 मध्ये सामील झाला आणि 2005 पर्यंत संगणकावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आलं. देशांतर्गत उत्पादन शुल्काच्या बरोबरीने आयातीवर लागणारं भरपाई शुल्क तेवढं राहिलं. शुल्काची ओढ कमी झाली, आयकराच्या सवलतीची मात्र टिकून होती. तीही 31 मार्च 2011 ला संपली, तोवर कंपन्या 2005 च्या कायद्याने आलेल्या सेझकडे, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांकडे वळू लागल्या होत्या. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत पुन्हा फाटक आणि कस्टम्सची हद्द आली. सीप्झची आठवण व्हावी इतकी ओळखीची!

एसटीपी कंपन्यांपुरतं बोलायचं तर 13 ऑगस्ट 2016 पासून गोदामाचा परवाना घेण्याची गरज उरली नाही. वर्षभराने जीएसटी आला. संगणकावर सीमाशुल्क नसलं तरी आयातीवर आयजीएसटी हा जीएसटीचाच प्रकार लागतो, त्यामुळे या कंपन्यांना शुल्कसवलत देणाऱ्या जुन्या अधिसूचनेला, 2003 च्या 52 क्रमांकाच्या, नवी दुरुस्ती जोडावी लागली.

या कहाणीतला सर्वांत मजेशीर प्रसंग जिनिव्हातला आहे. अमेरिकेने 2018 मध्ये भारताच्या निर्यात सवलतींविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. 31 ऑक्टोबर 2019 रोजी तंटा समितीचा निकाल बव्हंशी भारताच्या विरोधात गेला. त्यात ईओयू, सेझ आणि इलेक्ट्रॉनिक्स हार्डवेअर पार्कची नावं होती, सॉफ्टवेअर पार्कचं नव्हतं. कारण अनुदानांविषयीचा करार मालापुरता आहे, सेवांना तो लागू नाही. भारताने नोव्हेंबरात अपील केलं. पुढच्याच महिन्यात पुरेसे सदस्य नसल्याने अपील मंडळाचं कामकाज थांबलं.