नोकरदाराचे आर्थिक नियोजन

पहिल्या पगारापासून निवृत्तीनंतरच्या काळापर्यंत घरखर्च, कर्ज, बचत, विमा व निवृत्तिवेतन यांची वयोमानानुसार घातलेली सांगड. कमाईची वर्षे साधारण तीस-पस्तीस असतात, खर्च मात्र हयातभर चालतो. अर्थशास्त्रात हा विचार १९५० च्या दशकात फ्रँको मोदिल्यानी व रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी जीवनचक्र सिद्धांत म्हणून मांडला : माणूस कमावत्या वयात साठवतो आणि उतारवयात साठवलेले मोडून खातो. महाराष्ट्रातल्या नोकरदार घरात हे इतके सरळ घडत नाही. धाकट्या भावंडांचे शिक्षण, गावाकडच्या घराची डागडुजी, आईवडिलांची औषधे हे सगळे पहिल्या पगारापासूनच सुरू होते. म्हणून इथे म्हातारपणाची खरी तरतूद झाली ती हातात पगार पडण्याआधीच होणाऱ्या कपातीमुळे.

या कपातीचे मूळ १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्यात आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून कापली जाते आणि तेवढीच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत वळते होतात, पण तेही दरमहा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांहून जास्त मूळ पगारावर प्रथमच नोकरीला लागलेले या निवृत्तिवेतन योजनेत येतच नाहीत. त्यांचा सगळा पैसा भविष्य निर्वाह निधीत जमतो. पगाराची चिठ्ठी हाती आली की पीएफची रक्कम सगळेच पाहतात, पण निवृत्तिवेतनाचा हिशेब फार थोडे जण मांडतात. पंचविसाव्या वर्षी योजनेत आलेल्या कामगाराची अठ्ठावन्नाव्या वर्षी ३३ वर्षे सेवा भरते. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल दोन वर्षे वाढवून मिळतात. निवृत्तिवेतनाचे सूत्र सरासरी पगार गुणिले सेवा भागिले ७० असे आहे. मर्यादा १५,००० च राहिली, तर १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे महिना ७,५०० रुपये हाती येतात. या रकमेत महागाईनुसार वाढ होत नाही. ‘पेन्शन आहेच’ या भरवशावर राहणाऱ्या खाजगी नोकरदाराने हा आकडा तिशीतच डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत रक्कम लहान आणि मुदत मोठी असते. दरमहा ५,००० रुपये वार्षिक ८ टक्के दराने पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत साठवले, तर सुमारे ९७ लाख होतात. तीच बचत पस्तिसाव्या वर्षी सुरू केली, तर सुमारे ३९ लाख. भरलेल्या पैशातला फरक फक्त सहा लाखांचा आहे, बाकी सगळे चक्रवाढ व्याज. अर्थात महागाई ६ टक्के राहिली, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. याच वयात तीन-चार महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवणे, आरोग्य विमा आणि, घरात अवलंबून माणसे असतील तर, मुदतीचा आयुर्विमा घेणे आवश्यक ठरते. विम्याकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याची आणि मार्च महिन्यात कर वाचवण्यापुरती पॉलिसी घेण्याची सवय मराठी घरांत खोल रुजली आहे. तिच्यामुळे हप्ता मोठा आणि संरक्षण तोकडे अशी स्थिती होते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते नोकरी बदलताना. जुना निधी नव्या खात्यात वर्ग करण्याऐवजी फॉर्म १९ (भविष्य निर्वाह निधीसाठी) व १०सी (निवृत्तिवेतन योजनेतील रकमेसाठी) भरून तो काढून घेतला जातो. त्यातून दुचाकी येते, घराचे रंगकाम होते, लग्नाचे देणे फिटते. सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो. शिवाय निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षे सेवा लागते आणि १०सीवर पैसे काढले, की तोवरची सेवा पुसली जाते. पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेतले, तर ती सेवा पुढच्या नोकरीत जोडून मिळते. बाळंतपणानंतर काही वर्षे घरी राहून पुन्हा कामाला लागणाऱ्या स्त्रियांना हे प्रमाणपत्र विशेष उपयोगी आहे, पण त्याची माहिती आस्थापना विभागातून क्वचितच मिळते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्गणीच्या किमान २५ टक्के रक्कम खात्यात शिल्लक ठेवण्याचा आणि बेरोजगारीत संपूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यावर टीका झाली, तरी मुदतीआधीच होणारी निधीची गळती रोखण्याचा हेतू योग्यच आहे.

चाळिशी हा कर्जाचा काळ. ५० लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ४३,४०० रुपये बसतो आणि एकूण परतफेड एक कोटी चार लाखांच्या घरात जाते. हप्ता निवृत्तीच्या पुढे जाणार नाही, एवढी मुदत पाळली तरी बरेच साधते. पगारदार पतसंस्थेचे कर्ज पगारातूनच कापले जात असल्याने सहज मिळते. सहकाऱ्याला जामीन राहताना मात्र त्याचे देणे आपल्या पगारावर येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

सरकारी नोकरांची वाट वेगळी. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले, ते याच मुद्द्यावर. ज्यांना कसलीच कपात नाही अशा असंघटित कामगारांसाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे; तीत महिना १,००० ते ५,००० रुपयांची हमी मिळते.

निवृत्तीच्या वेळी निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेचा पगार एकदम हाती येतो. उपदान म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. आयुष्यात एवढी रक्कम पहिल्यांदाच दिसते आणि नेमक्या त्याच आठवड्यात जास्त व्याजाचे प्रस्ताव घेऊन माणसे दारात येतात. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलही, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. टपाल कार्यालयात व बँकांत मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना तीस लाखांपर्यंत रक्कम स्वीकारते व दर तिमाहीला व्याज देते. या रकमेतून मुलाच्या फ्लॅटला पैसे देण्याआधी पती-पत्नी दोघांचा वीस-पंचवीस वर्षांचा खर्च बाजूला काढणे हा स्वार्थ नव्हे.

वारसनोंदीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लग्नाआधी आईच्या किंवा भावाच्या नावे केलेली निधीची नोंद लग्नानंतर रद्द ठरते. ती नव्याने करावी लागते. निवृत्तिवेतन योजनेतील सभासद नोकरीत असताना वारला, तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली, तरी पत्नीला निवृत्तिवेतन सुरू होते, मुलांनाही पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळी रक्कम मिळते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला जोडून असलेल्या ठेव संलग्न विम्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि त्या विम्याचा हप्ता कर्मचाऱ्याला भरावा लागत नाही. खाते क्रमांक घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबे हा दावा करतच नाहीत.