ड्राय नीडलिंग : सुई ताकद देत नाही, मग देते काय?

मान आणि खांदा जोडणारा वरचा स्नायू दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहा. बऱ्याच जणांना तिथे एक ताठ पट्टी लागते. तिच्यावर एखादी जागा अशी असते, की दाबली तर कळ थेट कानामागे किंवा कपाळात जाते. फिजिओथेरपिस्ट या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात, पेशंट नुसतं ‘गाठ’ म्हणतात. तिथे साधारण पाव मिलिमीटर जाडीची भरीव सुई खुपसणं म्हणजे ड्राय नीडलिंग. सुई पोकळ नसल्यामुळे औषध आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आधी औषधच दिलं जायचं. पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकेच्या जॅनेट ट्रॅव्हल अशा जागांत भुलीचं प्रोकेन टोचत. १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांचा अनुभव मांडला. ३१२ दुखऱ्या जागी त्यांनी नुसती सुई टोचली होती आणि सुमारे ८७ टक्के जागांचं दुखणं लगेच थांबलं होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. पण गुण औषधाचा की सुईचा, हा प्रश्न तिथून सुटेना.

सुई नेमकी बसली की स्नायू क्षणभर फडकन उडतो. पेशंट दचकतो, फिजिओ खूश होतो. ही उडी मज्जारज्जूतून फिरून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे; सशांवरच्या प्रयोगांत स्नायूकडे जाणारी नस कापल्यावर ती नाहीशी झाली. ट्रिगर पॉइंटमध्ये स्नायू विश्रांतीत असतानाही बारीक विद्युत खळबळ चालू असते. सशांमध्ये अशी उडी आल्यावर ती खळबळ कमी झालेली दिसली. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जय शाह यांच्या गटाने सुईतच सूक्ष्म नळ्या बसवून त्या जागेतल्या द्रवाचे नमुने घेतले. दुखऱ्या गाठीत आम्लता जास्त होती, ब्रॅडिकायनिन आणि सबस्टन्स पी यांसारखी वेदना वाढवणारी रसायनंही जास्त होती. उडीनंतर त्यातल्या काहींचं प्रमाण खाली आलं. माणसं मात्र नऊच होती.

मला सगळ्यांत रंजक वाटतो तो २००४ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग, कारण त्यातल्या लोकांना काही दुखतच नव्हतं. त्यांच्या खांद्याभोवती सुप्त ट्रिगर पॉइंट होते, म्हणजे दाबल्यावरच जाणवणारे. हात वर उचलताना खांद्याचे स्नायू एका क्रमाने जागे होतात आणि खांद्याचं पातं त्या तालावर फिरतं. या लोकांमध्ये तो क्रम बिघडलेला आणि दर वेळी वेगळा निघाला. एखाद्या ढोल-ताशा पथकात एक जण आधीच टिपरू हाणतो, तसं. सुई आणि ताणण्याचे उपचार दिल्यावर क्रम निरोगी गटासारखा झाला. म्हणजे वेदना नसतानाही हालचालीचं गणित चुकू शकतं, आणि ते काही काळ तरी सुधारता येतं.

ताकदीचं चित्र इतकं उत्साहाचं नाही. सुईमुळे स्नायूचा जोर वाढतो, असं अभ्यासांतून ठामपणे निघत नाही. त्यात नवल नाही: सुईने नवे तंतू तयार होत नाहीत, फार तर दुखण्यामुळे आखडता घेतलेला जोर परत मिळतो. मान वळणं, खांदा उचलणं मात्र अनेकांना सोपं जातं. हा फायदा बहुधा थोड्या काळाचा. म्हणूनच शहाणा फिजिओ सुई काढल्यावर पेशंटला घरी पाठवत नाही, व्यायामाला लावतो.

शंका घेणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं झटकण्यासारखं नाही. एकाच पेशंटची मान दोन अनुभवी तज्ज्ञांनी चाचपली तर गाठीची जागा दोघांची एकच येईल याची खात्री नसते. शिवाय खोटी सुई देऊन तुलना करणं अवघड. टोचलं की नाही हे पेशंटला बरेचदा कळतं, आणि टोचणाऱ्याला तर आधीच माहीत असतं. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम किती, हे वेगळं काढणं कठीण जातं.

धोक्यांत थोडं रक्त येणं आणि काळंनिळं पडणं नेहमीचं. गंभीर धोका दुर्मीळ, पण खरा: मानेच्या बुडाशी किंवा बरगड्यांवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. सुईनंतर दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते सुई लागण्याआधीच सांगायचं. टोचलेली जागा एक-दोन दिवस ठणकते. त्यामुळे उद्या सामना असलेल्या खेळाडूने सुई सामना झाल्यावर घेतलेली बरी.