डेझर्ट रेन फ्रॉग की ब्लॅक रेन फ्रॉग? फोटो शेअर करायच्या आधी हे बघा

इन्स्टावर तो रुसलेल्या तोंडाचा काळा, गोल बेडूक सारखा फिरत असतो बघा, त्याच्या फोटोखाली कोणीतरी हमखास 'डेझर्ट रेन फ्रॉग' लिहून टाकतं. तो ब्लॅक रेन फ्रॉग आहे, शास्त्रीय नाव ब्रेव्हिसेप्स फस्कस. ज्याचा चूं-चूं ओरडतानाचा व्हिडिओ 2013 मध्ये जगभर फिरला तो डेझर्टवाला, ब्रेव्हिसेप्स मॅक्रॉप्स.

गोंधळ होणं साहजिक आहे म्हणा, कारण दोघांची जात वेगळी असली तरी वंश एकच. दोघंही जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचे, घाबरले की टम्म फुगतात, पाय इतके आखूड की उड्या जमतच नाहीत, नुसते चालतात आणि मागच्या पायांनी उकरत उकरत उलटे जमिनीत घुसतात. तोंडावरून ओळखायला जाऊच नका, रुसलेला चेहरा दोघांचाही.

पोट आणि पाय बघा. डेझर्टवाला राहतो दक्षिण आफ्रिकेचा वायव्य किनारा आणि त्याला लागून नामिबियाचा दक्षिण किनारा, तिथल्या वाळूच्या टेकड्यांत. पाऊस तिथे नावालाच, ओल मिळते ती समुद्रावरून येणाऱ्या धुक्याची. म्हणून त्याच्या पोटाची कातडी एवढी पातळ आहे की आतले अवयव दिसतात, आणि ओल्या वाळूला पोट चिकटवून तो त्या कातडीतूनच पाणी शोषतो, मला तर हे त्या व्हिडिओपेक्षा कितीतरी भारी वाटतं. पाय मांसल, पडदेवाले, वल्ह्यासारखे. डोळेही चांगलेच मोठे. रात्रभर भटकून तो पुन्हा दहा-वीस सेंटीमीटर खाली ओल्या वाळूत जातो, सकाळी वर उरतात फक्त पावलांचे ठसे, आणि ते जिथे संपतात तिथे भुसभुशीत वाळूचा छोटासा ढीग.

ब्लॅकवाला दक्षिण आफ्रिकेच्याच दक्षिण टोकाकडे, डोंगरउतारावरच्या जंगलात आणि फिनबॉस नावाच्या तिथल्या झुडपी रानात. तिथे ओल भरपूर, त्यामुळे पारदर्शक पोट नाही की पडदेवाले पाय नाहीत. रंग गडद तपकिरी ते जवळजवळ काळा, अंग दाणेदार. मादी बिळात चाळीसएक अंडी घालते आणि नर तिथेच त्यांच्यापाशी थांबतो. तळ्यात पोहणारे टॅडपोल दोघांच्याही बाबतीत नाहीत, बिळातून डायरेक्ट छोटे बेडूकच बाहेर येतात.

आणि ते 'क्यूट' चूं-चूं म्हणजे घाबरलेल्या जनावराची ओरड आहे, कोणीतरी फारच जवळ गेलंय म्हणून. नर मादीला बोलावतो तो आवाज वेगळा, लांब शिट्टीसारखा.

काळ्याची फार काळजी नाही, तो बऱ्यापैकी टिकून आहे. डेझर्टवाल्याकडे मात्र किनाऱ्याची तेवढी एक अरुंद पट्टी आहे, आणि नेमक्या त्याच वाळूत हिऱ्यांच्या खाणी चालतात.