कमरेतून वळा म्हणतात, पण कंबर वळते किती?

वक्रासन करताना योगवर्गात हमखास सूचना येते, "कमरेतून वळा." आपण मान, खांदे, छाती सगळं मागे नेतो आणि कंबर चांगली पिळली गेली असं वाटतं. प्रत्यक्षात त्या वळण्यात कमरेचा वाटा अगदी थोडा असतो.

कमरेत पाच मणके. खालच्या मणक्यावर वरचा मणका एका बाजूला जेमतेम १ ते ३ अंश फिरतो. सगळ्या सांध्यांची बेरीज केली तरी १० अंशांच्या आसपास, म्हणजे मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो साधारण तेवढीच. छातीचे १२ मणके मिळून ३०-३५ अंश वळतात. मानेतले सर्वांत वरचे दोनच मणके एकमेकांवर ४० अंशांपर्यंत फिरतात.

कंबर इतकी अडून का बसते? दोन्ही तळवे समोरासमोर धरा आणि मध्ये एक जाड वही उभी धरा. वही वर-खाली सहज सरकेल, पण फिरवायला गेलात की तिच्या कडा तळव्यांवर अडतील. कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडे असेच दोन छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. खालच्या मणक्याचे दोन उंचवटे म्हणजे तळवे, वरच्या मणक्याचे त्यांच्यामध्ये बसणारे दोन उंचवटे म्हणजे वही. म्हणून पुढे वाकणं सोपं, पिळणं अवघड. डावीकडे वळलात की उजवा सांधा दाबला जातो आणि डावा किंचित उघडतो. छातीच्या मणक्यांत या सांध्यांचं तोंड वेगळ्या दिशेला असल्यामुळे तिथे ही अडवणूक नाही. हाडाच्या एवढ्याशा कोनावर आपलं सगळं वळणं ठरतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हे मोजणं सोपं नव्हतं, कारण हाडावरची त्वचा सरकते आणि बाहेरून घेतलेलं माप फसवं निघतं. ग्रेगरसन आणि लुकास यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या मणक्यांच्या मागच्या टोकांत चक्क धातूच्या पिना बसवल्या होत्या! पुढे १९८४ मध्ये पिअर्सी आणि टिब्रेवाल यांनी दोन दिशांनी एकाच वेळी एक्स-रे काढून आणखी एक गोष्ट दाखवली. कमरेचे मणके नुसते वळत नाहीत, वळता वळता कलतातही. शरीर डावीकडे वळवलं की कमरेचे वरचे मणके उजवीकडे झुकतात. अगदी खालच्या सांध्यात मात्र कल आणि वळण एकाच दिशेला जातं.

मणक्यांमधल्या गादीचीही एक अडचण आहे. तिच्या कडेला तंतूंचे १५ ते २५ थर असतात आणि एकाआड एक थर उलट दिशेने तिरका विणलेला असतो. पीळ बसला की एका दिशेचे थर ताणले जातात, दुसऱ्या दिशेचे सैल पडतात. म्हणजे ऐन गरजेला निम्मेच तंतू कामाला येतात. त्यात आपण पुढे वाकलेलो असलो, तर गादीचा मागचा भाग आधीच ताणलेला असतो. भरलेली बादली वाकून उचलताना पाय न हलवता बाजूला वळलं की कमरेत उसण भरते, ती अशा वेळी.

वेगवान गोलंदाजाची कंबर तर एकाच क्षणी मागे ताणली जाते, बाजूला झुकते आणि वळतेही. त्या वेळी वरच्या आणि खालच्या उंचवट्यांना जोडणाऱ्या हाडाच्या अरुंद पट्टीवर ताण येतो. तिथे बारीक भेग पडते, बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. जसप्रीत बुमराहच्या पाठीच्या खालच्या भागात २०१९ मध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं होतं. पाठीच्याच दुखापतीमुळे २०२२ चा टी-२० विश्वचषक त्याला खेळता आला नाही, आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

मग उभं राहून आपण एवढे मागे वळतो कसे? खुर्चीत नीट टेकून बसा, हात छातीशी घ्या आणि मागे वळून कुठवर दिसतं ते बघा. आता उभं राहून, पावलं न हलवता तेच करा. या वेळी बराच जास्त भाग दिसेल. तो जादाचा भाग मुख्यतः खुब्यांनी दिलेला असतो, बसल्यावर ते अडकून पडले होते.