मुमेई: बिनसहीची जपानी तलवार आणि तिचा कारागीर ओळखणं

जिच्यावर घडवणाऱ्या लोहाराची सही नाही अशा जपानी तलवारीला मुमेई म्हणतात, आणि अशी तलवार नुसती नजरेने तपासून ती कुठल्या काळातली, कुठल्या प्रांतातली, कुठल्या परंपरेतली आणि जमलंच तर नेमकी कुणाच्या हातची हे ठरवायचं जे शास्त्र आहे ते कांतेई. सही पात्याच्या दिसणाऱ्या भागावर कधीच नसते, ती असते मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर, म्हणजे नाकागोवर. बांबूची छोटी खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली की नाकागो दिसतो. सही नाही म्हणजे माल हलका असं नवख्या माणसाला वाटतं पण तसं काही नाही, उलट जाणकार सही असलेल्या तलवारीकडेच आधी संशयाने बघतात, कारण मोठ्या नावांच्या खोट्या सह्या कोरायचा धंदा तिकडे शेकडो वर्षं चालू होता.

सही गेली कुठे

काही लोहार सहीच फारशी करत नसत. कामाकुराचा मासामुने हे जपानी तलवारीतलं सगळ्यात मोठं नाव, पण त्याच्या खात्रीच्या सह्या मोजक्या खंजिरांवरच आहेत, लांब तलवारी जवळजवळ सगळ्या बिनसहीच्या. गो योशिहिरोची तर एकही सही सापडलेली नाही, त्यावरून जपानीत म्हणच पडली की गो आणि भूत, दोन्ही कुणी पाहिलेली नाहीत.

पण खरं मोठं कारण म्हणजे कापाकापी. जुनी ताची घोडेस्वाराची, लांब, धार खाली करून कमरेला लटकवायची. पुढे लढाया पायदळाच्या झाल्या, तलवार धार वर करून पट्ट्यात खोवायची पद्धत आली आणि जुन्या लांब तलवारी गैरसोयीच्या झाल्या. मग त्या कापल्या, ७० सेंटीमीटरच्या आसपास आणल्या. टोकाकडून कापता येत नाही कारण टोकाची कडक केलेली धार जाते, म्हणून नाकागोकडून कापायचं, आणि सही नेमकी तिथेच. पूर्ण नाकागो गेला तर त्याला ओ-सुरिआगे म्हणतात. काही मालकांनी सहीचा तुकडा वाचवून नव्या नाकागोत बसवून घेतला, पण बहुतेकांनी नाही, त्यांना तलवार वापरायची होती, म्युझियममध्ये ठेवायची नव्हती.

सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा, त्याचं उदाहरण भारी आहे. १५६० साली ओकेहाझामाच्या लढाईत त्याचा शत्रू सरदार इमागावा योशिमोतो मारला गेला आणि त्याची तलवार नोबुनागाच्या हाती आली. त्याने ती कापून आखूड केली आणि नाकागोवर सोन्याने लढाईची तारीख, योशिमोतोला मारलं तेव्हा त्याच्याकडे असलेली ही तलवार, आणि स्वतःचं नाव, असं सगळं भरून घेतलं. कारागिराचं नाव मात्र तिथे नाही, तो सामोंजी नावाचा लोहार हे मागाहून ठरलेलं मत. वर ही तलवार १६५७ साली एदो (आजचं तोक्यो) शहरात लागलेल्या मेइरेकीच्या आगीत जळाली आणि परत पाणी देऊन उभी केली, म्हणजे आज तिच्या धारेवर जे दिसतं ते मूळ लोहाराचं नाहीच. बिनसहीच्या तलवारीत असे घोळ आधी तपासावे लागतात.

बघतात काय

रेडिओवर नाव न सांगता ख्याल लागला की आपल्याकडचा जुना श्रोता आधी घराणं सांगतो, मग गायक. इथेही तसंच, लोहाराच्या नावावर थेट उडी मारायची नसते. पहिला घास म्हणजे आकार. बारावं-तेरावं शतक असेल तर बाक मुठीजवळ जास्त आणि टोक बारीक, चौदाव्या शतकात पातं रुंद आणि टोक लांबच लांब, पंधराव्या-सोळाव्यात बाक टोकाकडे सरकतो, आणि १६६० च्या दशकात बाक जवळजवळ सपाट. पण तलवार कापलेली असेल तर मुठीजवळचा बाकच कापला गेलेला असतो, म्हणून गेलेला भाग मनातल्या मनात परत जोडून बघायचा. नाकागोला एकापेक्षा जास्त भोकं असली किंवा पात्यावरची खाच नाकागोच्या शेवटापर्यंत पळत गेलेली दिसली की कापल्याचा अंदाज येतो.

मग पोलादाचं पोत, म्हणजे जिहादा. पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून ठोकल्यामुळे लाकडाच्या रेषांसारखी नक्षी येते. रेषा सरळ धावत असतील तर यामातो प्रांताची आठवण होते, नोरिशिगे या लोहाराची नक्षी तर पाइनच्या सालीसारखी खडबडीत असते. त्यानंतर हामोन, म्हणजे धारेलगतची पांढुरकी लाट. ही बघायला ट्यूबलाइट बिनकामाची, खोलीत एकच उघडा बल्ब हवा आणि पातं रेशमी फडक्यावर धरून टोक बल्बकडे करून हळूहळू कलतं करायचं. एका ठराविक कोनात पोलादातले कण उजळतात, ते सुटे सुटे, दवासारखे चमकले तर निए, धुक्याचा पट्टा दिसला तर निओई. बिझेन प्रांताची कामं बहुतेक निओईची, लवंगेच्या कळ्यांसारख्या लाटा, आणि पात्याच्या अंगावर उत्सुरी नावाची सावली. सोशू म्हणजे कामाकुराकडची कामं निएची, दाट आणि झळाळणारी. मिनोत टोकदार लाटा येतात, यामाशिरोत शांत सरळ रेघ आणि बारीक पोत. या पाच प्रांतांच्या परंपरांना मिळून गोकादेन म्हणतात. टोकाच्या आतली रेघ, बोशी, तर हस्ताक्षरासारखी असते, बिझेनमधल्या ओसाफुने गावच्या नागामित्सू, कागेमित्सू आणि सानेनागा या तिघा लोहारांची ठेवण इतकी सारखी की तिला तिघांच्या नावाने एकच संज्ञा आहे.

आणि नाकागोचा गंज. जुना गंज काळपट आणि गुळगुळीत, नवा लालसर. त्याखालच्या कानशीच्या खुणांवरूनही घराणं सुटतं, म्हणून नाकागो कधीच घासायचा नाही. १९४५ च्या शरणागतीत ब्रह्मदेश आणि मलायात उतरवून घेतलेल्या तलवारी भारतीय फौजांच्याही हाती आल्या, अशी एखादी कुणाच्या घरी असेल तर चिंच नको, राख नको, सँडपेपर तर नकोच, आणि कितीही आवडती असली तरी पॉलिश पावडरही नको. त्यातल्या बहुतेक युद्धकाळातल्या नव्या असतात पण अधूनमधून लष्करी मुठीत घराण्यातलं जुनं पातं बसवलेलं निघतं.

कांतेईचा सराव बैठकीत होतो, तिथे लोहाराच्या नावाची जणू बोली लावायची असते. पाच तलवारी ठेवतात, नाकागो झाकलेले, चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. बरोबर असेल तर आतारी, गुरु-शिष्य किंवा जवळच्या नात्यातलं नाव दिलं असेल तर दोझेन म्हणजे बरोबर धरण्यासारखं, आणि साफ चुकलं तर इया. ही दोझेनची सवलत उगाच नाही, गुरु-शिष्याचं काम नुसतं बघून वेगळं करणं खरंच अवघड.

नाव कोण देतं

होन्आमी हे क्योटोचं घराणं पिढ्यान् पिढ्या तलवारी घासणारं आणि पारखणारं. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीच्या काळात, घराण्यातल्या कोतोकूच्या हाताखाली त्यांच्या मताला अधिकार आला, मत लिहून दिलेला घडीचा कागद म्हणजे ओरिगामी, आणि आजही जपानीत ओरिगामी असलेली गोष्ट म्हणजे हमखास खात्रीची. तेराव्या पिढीतल्या कोच्यूने १७१९ मध्ये शोगून म्हणजे लष्करी सत्ताधीश योशिमुनेसाठी नामांकित तलवारींची यादी केली. १८९६ साली इमामुरा नागायोशी या तलवारीच्या जाणकाराने मासामुने म्हणून असा थोर लोहार नव्हताच, हे होन्आमी आणि हिदेयोशीच्या काळातलं फुगवलेलं नाव असा वाद घातला. आज तो वाद कुणी मानत नाही पण प्रश्न रास्त होता, बिनसहीच्या कामांवर उभं असलेलं नाव शेवटी पारख्याच्या शब्दावरच टिकतं.

आता हे काम मुख्यतः १९४८ ला स्थापन झालेली एनबीटीएचके ही जपानी तलवारी जतन करणारी संस्था करते, तिचं तलवार संग्रहालय २०१८ पासून तोक्योच्या र्योगोकू भागात आहे. तिच्या प्रमाणपत्रांच्या होझोन, तोकुबेत्सू होझोन, ज्यूयो, तोकुबेत्सू ज्यूयो अशा चढत्या पायऱ्या. कागदावर नावाआधी देन असं अक्षर असेल तर समजायचं की रोख त्या लोहाराकडे आहे पण काहीतरी बसत नाही. आणि नाव हा दर्जाचाही निवाडा असतो: राई या लोहार घराण्याच्या कामासारखं दिसतं पण तेवढं तेजस्वी नाही, तर पारखी क्यूशू बेटावरच्या एन्जू घराण्याकडे वळतो. नव्या खरेदीदारांची गफलत होते ती वेगळ्याच कागदावर, सरकारी नोंदणीच्या तोरोकुशोवर, त्यात लांबी, बाक, भोकांची संख्या आणि सही नाही एवढंच असतं, कारागीर कोण हे तो कागद सांगतच नाही.

फुकुओका शहर संग्रहालयातली हेशिकिरी हासेबे ही तलवार बघा. स्वयंपाकघरातल्या फडताळाखाली लपलेल्या चहावाल्या सेवकाला नोबुनागाने फडताळासकट दाबून कापलं म्हणून हे नाव पडलं अशी आख्यायिका. लांबी ६४.८ सेंटीमीटर, कापलेली, बिनसहीची, धारेच्या लाटेपलीकडे पात्यावरही ठिकठिकाणी पाणी चढलेलं, म्हणजे हासेबे घराण्याच्या लोहारांची ओळखीची खूण. नाकागोवर एका बाजूला सोन्याने हासेबे कुनिशिगे आणि होन्आमीची मुद्रा, दुसऱ्या बाजूला मालक कुरोदाचं नाव. ती राष्ट्रीय ठेवा आहे, आणि सरकारी नोंदीत तिचं नाव हासेबे कुनिशिगेची तलवार असं नाही, सोन्याने भरलेल्या त्या अक्षरांत जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवलेलं आहे.